शेन बाईंच्या स्वयंपाकघरातलं द्वंद्व

मार्च संपता संपता मी रजा काढून रेडमंडहून मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला जाऊन आले. अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. परत आल्यावर ऑफिसात ज्याने त्याने विचारलं, काय काय पाहिलंस? बोस्टन पाहिलं नाही. समुद्र विमानातून दिसला तेवढाच. पाहिलं ते एक अर्धं रिकामं घर, आणि त्यातही जास्त करून त्याचं स्वयंपाकघर. तरी आजवरच्या माझ्या प्रवासांपैकी सांगावासा वाटतो तो हाच.

आधी जाण्याचं कारण सांगते.

मी मेहकरची. बाबांचं तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बाबा चौथी शिकले, आई शाळेत गेलीच नाही, घरातली पहिली पदवी माझी. बारावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. अमरावतीला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पहिल्या वर्षी वर्गात शिकवलेलं निम्मं कळायचं नाही आणि तसं कबूल करायची लाज वाटायची. त्याच वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये कोणीतरी उघडी सोडलेली एक वेबसाइट माझ्यासमोर आली. एका चिनी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर होतं ते, दर महिन्याला एक प्रकरण.

या प्रकारच्या कादंबऱ्यांना चिनीत वूशिया म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वीचा काळ, राजाच्या कायद्याला न जुमानणाऱ्या भटक्या योद्ध्यांची दुनिया, डोंगरावरच्या तालमी, एका गुरूचे शिष्य म्हणजे सख्ख्या भावंडांपेक्षा जवळचे, आणि शब्द मोडला की आयुष्यभराचं वैर. त्यांच्यावर चाळीस-पन्नास भागांच्या मालिका निघतात, आणि एकाच कादंबरीवर काही वर्षांनी पुन्हा नवी निघते. नटांना न दिसणाऱ्या तारांनी उचलतात आणि ते बांबूच्या शेंड्यांवरून पळत सुटतात. मालिका मी नंतर खूप पाहिल्या. पण सुरुवात झाली ती त्या भाषांतरापासून. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक वाक्य सोडवायची. त्या इंग्रजीत वाक्यं छोटी होती, कोणीतरी शेजारी बसून सांगावं तशी. दोन वर्षांत मला इंग्रजी वाचता येऊ लागलं. पुढची परीक्षा, न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळच्या युनिव्हर्सिटीतलं शिक्षण, रेडमंडची नोकरी हे सगळं त्या पायावर उभं राहिलं. भाषांतर कोण करतं ते मला माहीत नव्हतं. खाली फक्त दोन चिनी अक्षरं असायची.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. एका गुरूचे दोन शिष्य, एक थोरला आणि एक धाकटी. थोरल्यावर गुरूचा ग्रंथ चोरल्याचा आळ येतो आणि गुरू त्याला हाकलून देतो. मरताना गुरू धाकटीकडून वचन घेतो, की थोरल्याला शोधून त्याचं डोकं माझ्या समाधीवर आणून ठेव. ती वर्षानुवर्षं त्याला शोधते. सदतिसाव्या प्रकरणाच्या शेवटी नदीकाठी दोघं समोरासमोर उभी राहतात. आणि तिथेच भाषांतर थांबलं. शेवटची दोन प्रकरणं कधी आलीच नाहीत.

आता यात बाबा कुठे आले? गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी, म्हणजे माझ्या शनिवारी संध्याकाळी, मी त्यांना फोनवर ही कादंबरी मराठीत वाचून दाखवत होते. ते फोन दुकानातल्या फळीवर ठेवायचे आणि ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता ऐकायचे. तरुणपणी ते तालमीत जायचे, त्यामुळे मारामारी आली की प्रश्न सुरू: "डावा पाय कुठं होता त्याचा?" मागच्या नोव्हेंबरात सदतिसावं प्रकरण संपलं. पुढचं नाही हे सांगवेना, म्हणून मी याच कादंबरीवरच्या एका मालिकेचा शेवट माझ्या भाषेत रचून सांगितला. ती जिंकते, तो तिच्या मांडीवर मरतो. बाबांनी ट्यूब पाण्यातून काढून ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे त्या बाईचं नाही."

"कोणत्या बाईचं, बाबा?"

"आजवर जे सांगत होती तिचं. हे कोण्या दुसऱ्यानंच सांगितलं. खरं सांग, रंजे."

भाषांतर करणारी बाई आहे हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर दर रविवारी एकच प्रश्न: "मंग? आलं का पुढचं?" मूळ चिनीतली शेवटची प्रकरणं मिळवून मशीनकडून भाषांतर करून पाहिलं. त्यात थोरला शिष्य मध्येच स्वयंपाकी झाला. मग मी त्या दोन अक्षरांचा माग काढायला लागले. जुन्या वाचकांना विचारलं, बंद पडलेल्या पत्त्यांवर मेल टाकल्या. शेवटी एकाने सांगितलं की श्रूजबरीत राहणाऱ्या शेन बाई, शाळेच्या ग्रंथालयात होत्या, आता निवृत्त. मी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: "घर विकलं आहे. महिनाअखेरपर्यंत इथे आहे. यायचं तर या. पण नेण्यासारखं इथे काही नाही."

मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

शुक्रवार, श्रूजबरी

माझ्या मैत्रिणीचे काका, प्रभाकरकाका, श्रूजबरीत राहतात. मूळचे नागपूरचे, भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. विमानतळावर घ्यायला आले आणि गाडी हायवेला लागेपर्यंत त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं.

"सिरियसली? एका चायनीज सिरियलसाठी कोस्ट टु कोस्ट?"

"सिरियल नाही काका, कादंबरी. सिरियलमध्ये शेवट बदलतात."

"आणि त्या बाईंनी नाही म्हटलं तर?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानं झडलेली झाडं, पार्किंगच्या कडेला काळ्या पडलेल्या बर्फाचे ढीग. आमच्या रेडमंडला हिवाळाभर नुसता पाऊस, तरी सगळं हिरवंगार. इथे सगळं जणू कशाची तरी वाट बघत थांबलेलं. मंगळवारी सकाळी ऑफिसात नवं व्हर्जन बाहेर जायचं होतं, म्हणजे सोमवारी संध्याकाळी विमानात बसायलाच हवं. विमानातही मी तास मोजत होते आणि गाडीतही मोजत होते. शोभाकाकूंनी रात्री गरम वरणभात वाढला, वर लिंबाचं लोणचं. जेवताना काकू म्हणाल्या, "अगं, जरा शांतपणे जेव. पाय किती हलवतेस, टेबल हलतंय."

शनिवार

शेन बाईंचं घर काकांच्या घरापासून गाडीने सात मिनिटांवर, एका उताराच्या रस्त्यावर. दार त्यांनीच उघडलं. बुटकी, ताठ बाई, पांढरे केस कानामागे घट्ट खोचलेले. मी बूट काढले (त्यांच्याकडेही दारातच काढतात, हे पाहून बरं वाटलं) आणि विचार करायच्या आत वाकून त्यांच्या पायांना हात लावला. चौदा वर्षांचं साचलेलं होतं, दुसरं काही सुचलंच नाही.

बाई झटकन दोन पावलं मागे सरल्या.

"हे काय केलंत?" त्यांचं बोलणं इंग्रजीत, पण मी इथे मराठीतच लिहिते. "तुम्ही या कादंबऱ्या वाचता ना? मग गुडघ्यावर येऊन नमस्कार केला की काय होतं, माहीत नाही?"

मला माहीत होतं. तीन वेळा नमस्कार केला की माणूस शिष्य होतो. मग त्याला जेवू घालणं गुरूकडे, आणि त्याच्या गुन्ह्यांचा जाबही गुरूकडे. पण ते पुस्तकात. मेहकरात आम्ही दिवाळीला सगळ्या आळीच्या पाया पडतो, कोणी कोणाचा शिष्य होत नाही.

"किती वेळा केलात?"

"एकदाच."

"मग ठीक आहे. उठा. या वयात मी कोणाच्या गुन्ह्यांचा जाब देणार नाही."

दारात उभे असलेले काका हसायला लागले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते "संध्याकाळी पिक अप करतो" म्हणत गाडीकडे गेले.

आत सगळीकडे खोकी. टेक्सासला मुलाकडे जायचं होतं आणि मुलाने खोल्यांची यादी पाठवली होती: कुठलं सामान यायचं, कुठलं दान द्यायचं. बाईंनी मला चहाऐवजी कपभर गरम पाणी दिलं. तीच चीनकडची रीत असावी. मग मऊ भात दिला, आपल्या पेजेसारखा, बरोबर खारवलेली भाजी. मी आदल्या दिवशीचं लोणचं डबीतून आणलं होतं. बाईंनी टोकाने चाखलं, डोळे मिटले, आणि डबी स्वतःकडे ओढून घेतली.

मी सगळं सांगितलं. कॉलेजची लॅब, डिक्शनरी, बाबा, दुकानातली फळी. त्या ऐकत होत्या, पण हात बशा कागदात गुंडाळत होते. मीही गुंडाळायला लागले. शेवटी मी विचारलं, "शेवटची दोन प्रकरणं तुमच्याकडे आहेत का?"

"नाहीत."

"म्हणजे केलीच नाहीत?"

"भाषांतर आम्ही दोघांनी केलं," बाई म्हणाल्या. "बोलणं माझं, मारामारी त्याची." तो म्हणजे त्यांचे यजमान. कारखान्यात यंत्रं जुळवण्याचं काम करायचे. "चिनीत डावांना नावं असतात. जसं, 'पांढरा बगळा पाण्यावर वळतो'. आता इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? पाय कुठे, हात कुठे? तो इथे या स्वयंपाकघरात उभा राहायचा, हातात झारा घ्यायचा, मी वाचायची आणि तो करून पाहायचा. जे करता येईल तेवढंच लिहायचं, हा त्याचा नियम. अडतिसावं प्रकरण म्हणजे नुसती मारामारी. ते सुरू करायच्या आधी तो आजारी पडला."

"आणि एकोणचाळिसावं?"

"सहा पानांचं आहे. पण ते अडतिसाव्याच्या नंतर येतं. आधी कसं करणार?"

मला खूप काही म्हणायचं होतं. घाईत हात हलला आणि चहाच्या किटलीचं झाकण फरशीवर पडून दोन तुकडे झाले. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "एक वस्तू कमी."

संध्याकाळी काकांकडे परत आल्यावर मला घरात बसवेना. तळ्याकाठी दोन चकरा मारल्या. तळं अजून कडेने गोठलेलं होतं. बाबांचा फोन वाजला, मी उचलला नाही. त्यांना काय सांगणार होते?

रविवार

सकाळी काका म्हणाले, "आज परत? त्यांनी नाही म्हटलंय ना?"

"सामान बांधायला मदत करते. एकट्या आहेत."

"जशी मर्जी. चल, ड्राइव्ह करतो. मला तरी काय काम आहे, यार."

त्या दिवशी पडदे काढायचे होते. मी स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा उतरवला. लाकडी दांडा हातात राहिला. अंगातली अस्वस्थता कुठेतरी घालवायची होती. शाळेत आम्हाला लाठी शिकवायचे, मी तीन वर्षं संमेलनात होते. मी दांडा दोन्ही हातांत धरला, पाय फाकवले आणि एक फेरा मारला.

"तसं नाही," मागून आवाज आला. "तिच्या मागे नदी आहे. मागे सरकायला जागा नाही."

मी वळून पाहिलं. शेन बाई दारात उभ्या होत्या.

"मग कसं?"

बाईंनी माझ्या हातातल्या दांड्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत गेल्या. खोक्यावरची चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात कडा झिजलेलं पुस्तक होतं. चष्मा लावून त्यांनी अडतिसावं प्रकरण काढलं.

"ती दांडा, म्हणजे तलवार, एका हातात धरते. दोन्ही हातांत नाही. हं. आता डावीकडे वळा. थोरला समोर... समोर कोणीतरी हवं."

काका आज परत गेले नव्हते, दारापाशी मोबाइलवर काहीतरी बघत होते.

"नो नो," काका म्हणाले. "माझा डावा गुडघा गेलेला आहे. रिप्लेसमेंट सांगितलीय."

"छत्री घ्या," शेन बाई म्हणाल्या. "उजव्या हातात. डाव्या हातात हे." त्यांनी कागदाच्या गुंडाळ्यांचा पुठ्ठ्याचा नळा दिला. "हे म्यान."

दोन तास आम्ही तिघं त्या स्वयंपाकघरात होतो. बाई चिनीत एक ओळ वाचायच्या, इंग्रजीत सांगायच्या, आणि मी न् काका ते करून पाहायचो. जमलं नाही की बाई म्हणायच्या, "पुन्हा." जमलं की मी लॅपटॉपवर टाइप करायचे. एकदा काका माझा वार चुकवायला बाजूला झाले आणि आपोआपच उजव्या पायावर आले. बाईंनी लगेच लिहायला सांगितलं: तो डाव्या गुडघ्याला जपत उजव्या पायावर उतरला.

"हे ओरिजिनलमध्ये आहे?" काकांनी विचारलं.

"नव्हतं. पण करून पाहिलं तर असंच आलं ना?"

काका एकदम रंगात आले. "रंजना, हे इंग्लिशमध्ये पब्लिश होणार? माझा गुडघा?"

शेवटच्या डावापाशी आम्ही अडलो. पुस्तकात लिहिलं होतं की धाकटी थोरल्याच्या बाहीच्या आत वळते, दोन श्वास तिथे राहते, मग त्याच्या काखेखालून निघून तलवार त्याच्या गळ्याला लावते. या कादंबरीवरच्या दोन्ही मालिकांमध्ये हा डाव मी पाहिला होता. तारांनी उचललेली नटी गरकन फिरते, संगीत वाढतं, आणि ती जिंकते. आम्हाला तार नव्हती. मी काकांचं छत्रीच्या हाताचं मनगट धरून आत वळले. माझी पाठ त्यांच्या छातीशी आली.

"एक श्वास," शेन बाई मोजत होत्या. "दोन."

"थांब थांब," काका म्हणाले. "हलू नकोस. तुझी पाठ माझ्याकडे आहे. माझा हा डावा हात मोकळा आहे, त्यात हे म्यान आहे, आणि ते थेट तुझ्या मानेवर येतंय. अगं, मोठी शीर इथेच आहे. दोन श्वासांत माझा पेशंट झोपायचा. हा माणूस दोन श्वास करतोय काय?"

बाईंनी पुस्तकातल्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"पुन्हा करा," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

आम्ही पुन्हा केलं. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, वेगात, सावकाश. दर वेळी काकांचा डावा हात मोकळाच राहिला. दर वेळी मी मेले असते.

"त्याने सोडलं तिला," मी म्हणाले.

शेन बाई खुर्चीवर बसल्या. "हे पुस्तक मी तीसेक वेळा वाचलं असेन," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं ती जिंकली. सगळ्यांनाच तसं वाटतं. टीव्हीवाल्यांनाही." मग त्या पुस्तकाचं पुढचं पान उलटून वाचू लागल्या, आणि वाचता वाचता त्यांचा हात तोंडाशी गेला. काय वाचलं ते त्यांनी सांगितलं नाही. उठल्या, कणकेत हिरवा कांदा घालून पदर सुटणाऱ्या पोळ्या लाटल्या आणि आम्हा दोघांना इतक्या खायला घातल्या की काकांना दुपारी घरी जाऊन आडवं व्हावं लागलं. निघताना दारात म्हणाल्या, "उद्या सकाळी या. तुमच्या वडिलांचं दुकान किती वाजता बंद होतं?"

सोमवार

सकाळी साडेनऊला, म्हणजे मेहकरला संध्याकाळी सातला, मी शेन बाईंच्या टेबलावरून बाबांना फोन लावला. रात्री झोप नीट लागली नव्हती. स्पीकर चालू केला.

"बाबा, पुढचं आलं."

"त्या बाईचं?"

"बाईंच्याच घरी बसलेय."

पलीकडे शटर ओढल्याचा आवाज आला. "थांब. बसू दे मले नीट."

अडतिसावं प्रकरण मी लॅपटॉपवरून मराठी करत वाचलं. बाबा मध्येमध्ये हुंकार देत होते. डाव्या गुडघ्यापाशी म्हणाले, "हां, म्हातारा झाला असेल आता तोही." काकांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. ती बाहीच्या आत वळते, दोन श्वास, काखेखालून बाहेर, गळ्याला तलवार. मग ती डोकं कापत नाही, डोक्याच्या बदली त्याच्या केसांची गाठ कापून घेते. प्रकरण संपलं. त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की त्याने तिला सोडलं. बाईंनी आदल्या दिवशी मला ते वाक्य टाकू दिलं नव्हतं. "पुस्तकात नाही," म्हणाल्या होत्या. "हात कुठे होता तेवढं लिहा."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, ते उठून गेले.

"बाबा?"

"डावा हात मोकळा होता ना त्याचा?"

"हो."

"मंग सोडलं त्यानं तिला."

मी शेन बाईंना सांगितलं. त्या फोनकडे पाहत राहिल्या, जणू फोनमध्ये कोणी बसलंय. मग पुस्तक जवळ ओढलं आणि एकोणचाळिसावं प्रकरण सुरू केलं. लिहून नाही, थेट. त्या चिनीतून इंग्रजीत सांगत होत्या आणि मी इंग्रजीतून मराठीत. त्यांचा शब्द संपायच्या आत माझा सुरू व्हायचा, आणि मध्येच बाबांचा प्रश्न यायचा आणि तो उलटा त्यांच्यापर्यंत जायचा.

"तलवार कुठं ठेवली तिनं?"

"पुस्तकात नाही, म्हणतात."

"असं कसं नाही? हातात तर घेऊन नसेल बसली!"

बाईंनी पान मागे उलटून पाहिलं. "दगडाला टेकून," त्या म्हणाल्या. "मागच्या ओळीत आहे. मी सोडून दिलं होतं."

सहा पानांत घडतं ते एवढंच. धाकटी गुरूच्या समाधीवर केसांची गाठ पुरते. वचन पूर्ण झालं. मग ती तिथल्या मोकळ्या जागेत उभी राहून शेवटचा डाव करून पाहते. आधी स्वतःच्या बाजूने. मग त्याच्या बाजूने. सकाळभर करते, पुन्हा पुन्हा. आणि एका फेऱ्यात, डावा हात वर असताना, मध्येच थांबते. कितीतरी वेळ तशीच उभी राहते. मग बोचकं उचलते आणि थोरला ज्या वाटेने गेला त्या उत्तरेच्या वाटेला लागते. पुस्तक संपतं.

"इतकी वर्षं मला वाटायचं, ती दुःखाने थांबली," शेन बाई म्हणाल्या. हे मी बाबांना सांगितलं नाही.

"कळलं तिले," बाबा म्हणाले. "उशिरा कळलं, पण कळलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "झालं?"

"झालं, बाबा."

शेन बाईंनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. दुपारी सामानाचा ट्रक यायचा होता. माझ्या विमानाला सात तास होते, आणि या चार दिवसांत पहिल्यांदाच मला घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही. मी फोन ठेवणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. बाईंना विचार, त्यांना दुसरी कोणती येते?"

"बाबा, त्या आता टेक्सासला चालल्या..."

"टेक्सासात फोन नाही का? विचार तर."

मी चाचरत विचारलं. शेन बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"तुमच्या वडिलांचं वय काय?"

"अडुसष्ट."

त्यांनी मनात वर्षांचा हिशेब केला. "एक आहे, चार खंडांची. फार चांगली आहे. पण मी एकोणऐंशीची. मारामारीला माणसं शोधावी लागतील. दोन खंडांचीही एक आहे. तीच बरी."

मी बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"बाईंना म्हणावं," बाबा म्हणाले, "चार खंडांचीच घ्या."